घरातील वाय-फाय रेडिओ : निवड, जोडणी आणि देखभाल

हवेतील रेडिओलहरी पकडण्याऐवजी घरातील इंटरनेट जोडणीतून रेडिओ केंद्रांचा आवाज मिळवणारा स्वतंत्र संच म्हणजे वाय-फाय रेडिओ होय. दिसायला तो साध्या ट्रान्झिस्टरसारखाच असतो. आवाजाचा नॉब, केंद्र बदलण्याचा नॉब आणि एक लहान पडदा एवढाच त्याचा बाह्य संसार. अँटेना फिरवत केंद्र लावण्याचा प्रकार मात्र त्यात नसतो, आणि एकदा नीट मांडून दिल्यावर संगणक किंवा मोबाइल हाती न घेताही तो एका बटणावर वाजू लागतो. पुण्यात बसून सांगली केंद्र किंवा दादरमध्ये बसून रत्नागिरी केंद्र खरखरीशिवाय ऐकता येणे ही जुन्या श्रोत्यांना अशक्य वाटलेली सोय त्यामुळे साध्य झाली आहे. तथापि हा संच साध्या रेडिओइतका स्वयंपूर्ण नाही, तो दूरच्या अनेक यंत्रणांवर अवलंबून असतो, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रीच्या माहितीपत्रकात ठळकपणे सांगितलेली नसते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घेणे आवश्यक ठरते.

केंद्राच्या स्टुडिओतून निघणारा ध्वनी एन्कोडर नावाच्या यंत्रणेत अंकीय रूपात आणून आकाराने लहान केला जातो, मग तो सर्व्हरवर पाठवला जातो आणि तेथून मागेल त्या श्रोत्याला अखंड धारेने पुरवला जातो. या धारेला स्ट्रीम म्हणतात, आणि प्रत्येक स्ट्रीमला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असतो. अमेरिकेतील चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी-केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपले हवेवरील प्रसारण इंटरनेटवरही देण्यास सुरुवात केली. मात्र असे प्रसारण ऐकायला त्या काळी संगणकच लागत असे. संगणकाविना चालणारा संच बनवण्याचा एक गाजलेला आरंभीचा प्रयत्न कर्बँगो या कंपनीचा होता, परंतु २००० साली थ्रीकॉमने ती विकत घेतली आणि २००१ मध्ये, संच बाजारात रुजण्याआधीच, तो प्रकल्प गुंडाळला गेला. घरोघरी वाय-फाय पोहोचल्यानंतरच हे संच खऱ्या अर्थाने नांदू लागले.

सूचीसेवा : संचाचा खरा कणा

जगभरात हजारो स्ट्रीम सतत चालू असतात आणि त्यांचे पत्ते वारंवार बदलत असतात. हे सर्व पत्ते रेडिओत कायमचे भरून ठेवणे शक्य नसल्याने संच सुरू होताच तो एका ठरावीक कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि देश, भाषा, विषय अशा क्रमाने लावलेली केंद्रांची अद्ययावत यादी तेथून मागवतो. या व्यवस्थेला सूचीसेवा म्हणता येईल. श्रोता पडद्यावर 'भारत' निवडून पुढे 'पुणे' निवडतो तेव्हा तो प्रत्यक्षात त्या कंपनीची यादी चाळत असतो. यादी मिळाली नाही, तर उत्तम स्पीकर आणि सुस्थितीतील वाय-फाय असूनही संच मुका राहतो. वाय-फाय रेडिओ विकत घेणारा माणूस संचाचा मालक होतो, पण सूचीसेवेचा तो पाहुणाच असतो, आणि ही सेवा किती काळ चालेल हे त्याच्या हाती नसते.

ही भीती काल्पनिक नाही. केंब्रिजमधील रेसिव्हा या कंपनीचे तंत्रज्ञान अनेक नामांकित उत्पादकांच्या संचांत बसवलेले होते. क्वालकॉमच्या मालकीची झालेली ही सूचीसेवा २०२१ साली बंद करण्यात आली आणि संचातील एकही सुटा भाग नादुरुस्त झालेला नसताना त्या रेडिओंची केंद्रयादी उघडेनाशी झाली. फ्रंटियर या कंपनीच्या चिप असंख्य युरोपीय रेडिओंत असतात. तिने २०१९ मध्ये व्हीट्यूनर ही जुनी सूचीसेवा सोडून जर्मनीतील एअरेबलची सेवा घेतली, तेव्हा श्रोत्यांना संच सुरू ठेवता आले, परंतु जतन केलेली आवडती केंद्रे अनेकांना नव्याने शोधून लावावी लागली. २०१९ सालच्याच नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने संगीत कंपन्यांच्या दाव्यात ट्यूनइन या सूचीसेवेच्या विरोधात निर्णय दिला आणि पुढच्या वर्षापासून ब्रिटनमधील श्रोत्यांना तिच्यावर परदेशी केंद्रे मिळेनाशी झाली. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला स्मार्ट स्पीकरवर ट्यूनइनमधून आकाशवाणी पुणे का लागत नाही, या प्रश्नाचे उत्तर स्पीकरच्या बिघाडात शोधून सापडणार नाही, ते या निर्णयात आहे.

याउलट उदाहरण लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स संचांचे आहे. या मालिकेचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले आणि तिची इंटरनेटवरील सेवाही २०२४ साली बंद झाली. तरीही ते रेडिओ आजही वाजतात. स्क्वीझबॉक्सला यादी आणि ध्वनी पुरवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होते, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येत होती, आणि ते घरातील संगणकावरही चालवता येत होते. उत्पादकाने हात काढून घेतल्यावर वापरकर्त्यांच्या समूहाने तेच सॉफ्टवेअर लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने पुढे चालू ठेवले. एक संच वापरकर्त्याच्या ताब्यात काहीच न देता गेला आणि दुसऱ्याने पुरेसे ताब्यात दिले म्हणून तो टिकला. खरेदीच्या वेळी किंमत, रंग आणि आवाजाचे वॉट यांच्याही आधी तपासण्याची गोष्ट हीच आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे

त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा, की या संचात केंद्राचा पत्ता श्रोत्याला स्वतः भरता येतो का. काही रेडिओंत ही सोय थेट असते. घरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये रेडिओचा स्थानिक पत्ता उघडला की एक साधे पान दिसते आणि त्यात स्ट्रीमचा पत्ता चिकटवता येतो. काहींत तो सूचीसेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भरावा लागतो, म्हणजे ती सेवा बंद पडली की ही सोयही बंद पडते. काही संचांत ती मुळीच नसते, आणि असे संच कितीही देखणे असले तरी टाळलेले बरे. दुसरा प्रश्न सूचीसेवा कोणती आणि तिच्यासाठी वर्गणी आहे का, हा. तिसरा प्रश्न संचाचे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, इंटरनेटवरून अद्ययावत होते का, आणि त्या प्रतिमानासाठी शेवटचे अद्यतन केव्हा आले, हा.

मराठी श्रोत्यासाठी चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. स्ट्रीम पुरवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत सर्व्हर एकाच जोडणीतून सलग ध्वनी सोडत राहतो. शाउटकास्ट आणि आइसकास्ट ही तिची परिचित नावे. नव्या पद्धतीत, जिला एचएलएस म्हणतात, ध्वनीचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केले जातात आणि एम३यू८ प्रकारच्या यादीत त्यांचे पत्ते क्रमाने दिले जातात. संच ती यादी पुन्हा पुन्हा वाचून एकेक तुकडा उचलतो व जोडून वाजवतो. आकाशवाणीच्या केंद्रांचे स्ट्रीम या दुसऱ्या पद्धतीने दिले जातात. परिणामी एचएलएस न समजणारा रेडिओ युरोप-अमेरिकेतील शेकडो केंद्रे सुरेख वाजवील, पण अस्मिता वाहिनी, विविधभारती किंवा कोल्हापूर केंद्र लावल्यावर काही क्षण धडपडून थांबेल. जुना संच स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांची बहुधा येथेच फसगत होते. विक्रेत्याला 'इंटरनेट रेडिओ आहे का' असे न विचारता 'एचएलएस आणि एएसी चालते का' असे विचारावे. एएसी हा ध्वनी लहान करण्याचा प्रकार असून तो एमपी३पेक्षा कमी जागेत बरा आवाज देतो.

डीएबी हा अक्षरसमूह अनेक परदेशी संचांवर ठळकपणे छापलेला असतो. ही युरोपात रुळलेली हवेवरील अंकीय रेडिओपद्धती आहे, भारतात तिची नियमित सेवा नाही, म्हणून भारतात वापरायच्या संचासाठी तिच्यापोटी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. एफएम मात्र असावेच. इंटरनेट बंद पडले की तोच आधार उरतो. त्याखेरीज हेडफोनची जागा, बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडण्यासाठी लाइन-आउट, मोबाइलवरील गाणी ऐकण्यासाठी ब्लूटूथ आणि बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी ऑक्स-इन यांपैकी जे मिळेल ते उपयोगीच पडते, आणि ऑक्स-इनचे मोल तर सूचीसेवा बंद पडल्यावर कळते, कारण तेव्हा तोच संच निदान चांगला स्पीकर म्हणून वापरात राहतो.

भारतीय दुकानांत हे संच फार आढळत नाहीत आणि अनेकजण परदेशातील नातेवाइकांकडून ते मागवतात. अशा वेळी अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, हे पाहावे. केवळ ११० किंवा १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्याकडील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावल्यास जळतो. पिनेसाठी साधा कन्व्हर्टर पुरतो, व्होल्टेजसाठी पुरत नाही. व्यापारी आयातीच्या वाय-फाय उपकरणांना दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता लागते, त्यामुळे कुरिअरने मागवलेले पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकण्याची शक्यता असते, आणि परदेशात दिलेली हमी येथे बहुधा चालत नाही.

खास संच न घेताही हाच हेतू साधता येतो, याचाही विचार करावा. पडून असलेला जुना मोबाइल आणि त्याला जोडलेला बरा स्पीकर एवढ्यावर प्रसार भारतीचे न्यूजऑनएअर ॲप चालवता येते; मात्र जुन्या फोनची बॅटरी सतत चार्जिंगवर ठेवल्याने फुगू शकते आणि घरातील ज्येष्ठांना पडद्यावरील ॲपपेक्षा दाबायचे बटणच सोयीचे वाटते. थोडी तांत्रिक आवड असलेल्याने रास्पबेरी पाय हा हाताच्या तळव्याएवढा संगणक घेऊन त्यावर पायकोअरप्लेअर किंवा व्हॉल्युमिओ यांसारखे सॉफ्टवेअर बसवावे. रेडिओ-ब्राउझर नावाची स्वयंसेवकांनी जोपासलेली मुक्त केंद्रसूची अशा घरगुती संचांना वापरता येते, आणि एखादी सेवा बंद पडलीच तर संच न बदलता दुसरी जोडता येते. दीर्घकाळाचा विचार करता हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे, फक्त सुरुवातीचा एक दिवस त्यासाठी काढावा लागतो.

जोडणी

संच खोक्यातून काढल्यावर तो प्रथम राउटरच्याच खोलीत ठेवून सुरू करावा आणि सर्व मांडणी पूर्ण झाल्यावर नियोजित जागी हलवावा. अन्यथा अडचण आल्यास ती पासवर्डची आहे की दुबळ्या सिग्नलची, हे कळायला मार्ग राहत नाही. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्या पट्ट्याचा सिग्नल भिंतींतून दूरवर जातो, पण त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. दुसरा पट्टा वेगवान व मोकळा असला तरी एकदोन भिंतींतच क्षीण होतो. अनेक रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल आणि रेडिओ जोडणी घेऊन लगेच सोडत असेल, तर राउटरच्या मांडणीत जाऊन २.४च्या पट्ट्याला वेगळे नाव द्यावे. बहुतेक वेळा तेवढ्याने प्रश्न सुटतो. २.४च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ क्रमांकांचे चॅनेल वापरता येतात, परंतु अमेरिकेसाठी बनवलेले संच ११पर्यंतचेच ओळखतात, म्हणून राउटरने आपणहून १२ किंवा १३ निवडलेला असल्यास अशा रेडिओला घरातील वाय-फाय दिसतच नाही आणि शेजाऱ्यांचे मात्र दिसते. चॅनेल १, ६ किंवा ११ वर स्थिर केल्यास ही अडचण उरत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा-पद्धतीच सक्तीची केलेली असेल, तर जुन्या रेडिओसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र मांडणी निवडावी लागते.

पासवर्ड भरणे हे या साऱ्यातील सर्वांत चिकाटीचे काम. कीबोर्ड नसलेल्या संचात नॉब फिरवताना पडद्यावर एकेक अक्षर सरकत जाते. आधी मोठी अक्षरे, मग लहान, मग अंक, मग चिन्हे, असा तो लांबलचक पट्टा असतो. हवे ते अक्षर आले की नॉब दाबायचा, चुकले तर मागे जाण्याचा बाण शोधायचा आणि शेवटी 'ओके'पर्यंत पुन्हा फिरवत जायचे. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांत गोंधळ होतो, म्हणून पासवर्ड आधी कागदावर सुट्या अक्षरांत लिहून घेऊन मगच बसावे. राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचे बटण असेल, तर ते आणि रेडिओतील तोच पर्याय दोन मिनिटांच्या आत दाबल्यास पासवर्ड न भरताही जोडणी होते. काम झाल्यावर राउटरमधील ही सोय बंद करून ठेवावी, कारण तिच्यातील त्रुटी ज्ञात आहेत. वाय-फायला हौसेने देवनागरी नाव दिलेले असल्यास काही संचांच्या पडद्यावर त्याऐवजी रिकाम्या चौकटी उमटतात आणि जोडणीही अडते. तेथे साधे रोमन अक्षरांतील नाव ठेवणे इष्ट.

जोडणी झाल्यावर संच फर्मवेअरचे अद्यतन सुचवतो. ते घ्यावे, पण वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी घेऊ नये, कारण अर्धवट राहिलेल्या अद्यतनाने संच कायमचा बंद पडू शकतो. नंतर वेळक्षेत्र निवडावे. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळते, त्यामुळे गजराची सोय विश्वासार्ह राहते, फक्त वीज व इंटरनेट दोन्ही हवे. आकाशवाणीवरील वेळेच्या ठोक्यांवर मात्र घड्याळ लावू नये. ध्वनीचे तुकडे होऊन ते पोहोचेपर्यंत अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक उशीर झालेला असतो, आणि शेजारी एफएमवर तेच केंद्र चालू असेल तर हा फरक लगेच कानी येतो.

संचाची जागा ठरवताना राउटरपासूनचे अंतर हा एकच निकष नसतो. कोकणातील चिऱ्याच्या जाड भिंती, काँक्रीटचा स्लॅब, पोलादी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे सिग्नलचे मोठे अडथळे आहेत. स्वयंपाकघरात ठेवायचा असल्यास तो मायक्रोवेव्हपासून दूर आणि फोडणीच्या वाफेपासून लांब असावा. रेडिओत सिग्नलची पातळी डेसिबल-मिलिवॉटमध्ये दिसत असेल, तर उणे ६५च्या आसपासची किंवा त्याहून शून्याजवळची पातळी निर्धोक समजावी आणि उणे ८०च्या पलीकडे आवाज तुटणार हे गृहीत धरावे; ही पातळी खूपच कमी भरल्यास संच चार पावले सरकवून पाहण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

इंटरनेटचा खर्च मोठा नसतो. स्ट्रीमचा वेग सेकंदाला किती किलोबिट माहिती येते यावर मोजतात. ६४ किलोबिटच्या स्ट्रीमला तासाला सुमारे २९ मेगाबाइट आणि १२८ किलोबिटच्या स्ट्रीमला सुमारे ५८ मेगाबाइट लागतात. रोज सहा तास याप्रमाणे १२८ किलोबिटचे केंद्र महिनाभर ऐकले तरी वापर साधारण १० गिगाबाइटच होतो. घरच्या ब्रॉडबँडवर हे जाणवतही नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रेडिओ चालवणाऱ्याने मात्र दैनंदिन मर्यादा लक्षात ठेवावी.

केंद्रे शोधणे आणि जतन करणे

प्रसार भारतीने २०२३पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मागे ठेवून सर्वत्र 'आकाशवाणी' वापरण्याचे ठरवले, पण जगभरच्या सूचीसेवांत जुन्या नोंदी तशाच राहिल्या आहेत. म्हणून एकच केंद्र दोन-तीन नावांनी आढळते आणि त्यांतील काही नोंदी मृत असतात. केंद्राच्या नावाने न सापडल्यास भाषेच्या यादीत मराठी निवडून किंवा नुसते शहराचे नाव टाकून पाहावे. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले, नागपूर केंद्र १९४८मध्ये आणि पुणे केंद्र १९५३मध्ये सुरू झाले; पुढे जळगाव, परभणी, सांगली, रत्नागिरी अशी केंद्रे निघत गेली आणि प्रत्येकाने आपल्या मुलखाची बोली, शेतीची माहिती आणि स्थानिक कलावंत जपले. ट्रान्समीटरच्या पल्ल्याबाहेर राहणाऱ्याला ही संपत्ती एरवी मिळतच नसे. वाय-फाय रेडिओ घेऊन केवळ गाण्यांची वाहिनी लावून ठेवणाऱ्याने निदान एक आठवडा रोज वेगळे मराठी केंद्र ऐकून पाहावे, त्यात पणजी केंद्रही असावे. संचाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते येथे.

खासगी एफएम वाहिन्यांची स्थिती वेगळी आहे. हवेवर गाणे वाजवण्याचे आणि तेच इंटरनेटवर देण्याचे हक्क स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, म्हणून अनेक वाहिन्या आपले थेट प्रसारण इंटरनेटवर देत नाहीत आणि सूचीत त्यांच्या नावाने आढळणारे स्ट्रीम कोणी परस्पर चालवलेले असतात, जे आज असतात आणि उद्या नसतात. क्रीडा-समालोचनाचे हक्कही देशानुसार विभागलेले असल्याने बीबीसीचे क्रिकेट समालोचन सहसा ब्रिटनबाहेर ऐकू येत नाही. त्या वेळी संच बिघडला असे समजू नये.

परदेशातील मराठी श्रोत्याने गजर व आवडती केंद्रे लावताना वेळेचा हिशेब मांडून ठेवावा. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, कारण तेथील घड्याळे मार्च व नोव्हेंबरमध्ये तासाने सरकतात. दुबईत त्याच क्षणी पहाटेचे साडेपाच असतात आणि तेथे घड्याळ बदलत नाही. सकाळच्या मराठी बातम्या अमेरिकेत जेवणानंतर आणि आखातात चहाआधी ऐकायला मिळतात.

सूचीत नसलेले केंद्र जोडताना त्याचा पत्ता आधी संगणकावरील व्हीएलसी या मुक्त प्लेअरमध्ये उघडून पाहावा. तेथेही वाजत नसेल, तर पत्ताच मृत आहे. तेथे वाजतो आणि रेडिओवर वाजत नाही, असे झाल्यास स्ट्रीमची पद्धत रेडिओला समजत नाही, किंवा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असून त्या सुरक्षित जोडणीची नवी प्रमाणपत्रे जुन्या संचाला ओळखता येत नाहीत, असे समजावे. त्याच केंद्राचा साधा एचटीटीपी पत्ता मिळाल्यास तो वापरून पाहावा. पत्ता पीएलएस किंवा एम३यू अशा फाइलचा असेल, तर ती फाइल साध्या मजकुराची असते. ती उघडल्यास खरा पत्ता आत लिहिलेला सापडतो. चाललेले सर्व पत्ते एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवावेत. ज्या दिवशी सूचीसेवा बदलेल, त्या दिवशी हीच यादी नव्या संचात किंवा रास्पबेरी पायमध्ये भरता येते.

ज्येष्ठांसाठी संच लावून देताना पडद्यावरील याद्यांवर भिस्त न ठेवता वरची अंकांची बटणे वापरावीत. पहिल्या बटणावर नेहमीचे केंद्र, दुसऱ्यावर विविधभारती, तिसऱ्यावर गावाकडचे केंद्र, अशी जुळणी करून प्रत्येक बटणाखाली देवनागरीत लिहिलेली ठळक चिठ्ठी चिकटवावी, आणि 'इंटरनेट', 'एफएम', 'ब्लूटूथ' यांत अदलाबदल करणारे बटण नेमके कोणते, हे दाखवून ठेवावे. रेडिओ बिघडल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच एका बटणात असते.

आवाज तुटतो तेव्हा

रेडिओ येणारा ध्वनी लगेच न वाजवता काही सेकंदांचा साठा करून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. जोडणी क्षणभर अडखळली तरी या साठ्यातून आवाज चालू राहतो, आणि साठा संपला की शांतता पसरते. अशा वेळी प्रथम वेगळ्या देशातील एखादे केंद्र लावावे. तेही तुटत असेल तर दोष घरातील जोडणीत आहे. ते नीट वाजत असेल तर दोष त्या केंद्राकडे आहे आणि घरी काही करण्यासारखे नाही. रात्री दहाच्या सुमारासच तुटत असेल, तर शेजारच्या वाय-फायची गर्दी हे संभाव्य कारण असते व राउटरचा चॅनेल बदलून पाहता येतो. दूरच्या खोलीतील वाय-फाय सुधारत नसेल आणि रेडिओला लॅन केबलची जागा असेल, तर केबल ओढण्याने प्रश्न कायमचा मिटतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने रेडिओ हा क्वचितच अद्ययावत होणारा लहान संगणक आहे. त्याला राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर ठेवणे चांगले. मात्र मग मोबाइलमधील नियंत्रण-ॲपला तो दिसत नाही आणि घरच्या संगणकावरील गाणीही त्यावर वाजत नाहीत. ॲपची गरज नसलेल्यांनी ही तडजोड अवश्य स्वीकारावी. राउटरचा कारखान्यातून आलेला व्यवस्थापन-पासवर्ड बदलणे मात्र कोणीही टाळू नये.

वीज गेली की रेडिओबरोबर राउटर आणि फायबरची पेटीही बंद पडते, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या वाय-फाय रेडिओचा उपयोग राउटरलाही बॅकअप असेल तरच होतो. १२ व्होल्टच्या राउटरसाठी मिळणारे लहान यूपीएस काही तासांपुरते हे काम करतात, खरेदी करताना व्होल्टेज व पिनेचा आकार जुळवून घ्यावा. दीर्घ आपत्तीत हेही पुरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन परिसरात वीज आणि मोबाइल सेवा दीर्घकाळ खंडित राहिल्या. अशा दिवसांत सेलवर चालणारा साधा एफएम व मध्यमलहरींचा ट्रान्झिस्टरच कामाचा, आणि वाय-फाय रेडिओ घरात आला म्हणून तो भंगारात काढू नये.

वाय-फाय रेडिओ दुसऱ्याला देताना किंवा विकताना त्यातील मांडणी मूळ स्थितीला नेणारा पर्याय वापरावा, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या स्मृतीत साठवलेला असतो. सूचीसेवेच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी केलेली असल्यास तीही रद्द करावी, नाहीतर नव्या मालकाला स्वतःच्या नावाने तो जोडता येत नाही. सोबत मूळ अडॅप्टर, माहितीपुस्तिका आणि चालू पत्त्यांच्या यादीची एक प्रत द्यावी.